तेहतीस टोपणांचा चहा

आमच्या धाकट्या दिपमालाचं लग्न झालं आणि पाच महिन्यांत अधिक महिना आला, ते दोन हजार तेवीस साल. तेव्हा मी घरात जाहीर केलं, जावयाला असा चहा पाजीन, की धुळ्यापर्यंत नाव निघेल! नाव निघालं. कसं, ते सांगतो.

मूळ भानगड व्याह्यांची. लग्नात मानाचा फेटा चुकून चुडामण आबांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर बसला. आबा रुसले ते रुसलेच! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या बठ्ठ्या लेकी माहेरी झोके घेत होत्या, आमचीच तेवढी सासरी अडकली. रिकाम्या झोक्याकडे बघून बायको, रत्ना, दोन दिवस नीट जेवली नाही. आता धोंड्याच्या वाणाला जावई नवल येणार होता, सोबत आबाही. मी ठरवलं, नवलला गुपचूप खूश करायचं. तो बापाचं मन वळवील.

शेजारच्या गिरधरला विचारलं. तो सोनगीरजवळ हायवेवरच्या हॉटेलात तीस वर्षं वेटर होता.

"लोटन भाऊ, लाँग आयलंड आइस टी करा! व्होडका, जिन, पांढरी रम, टकिला, संत्र्याची दारू. एकेक माप. वर लिंबू, साखरेचा पाक, कोला. कोलाऐवजी निळं सरबत घातलं की दुसरा प्रकार, लाल घातलं की तिसरा."

"टकिला सापडली नाही तर?"

"मोहाची घाला. तो चौथा प्रकार!"

"पण अधिक महिन्यात?"

"दिसाले तर चहाच शे ना भाऊ!"

माप केवढं, ते काही गिरधर बोलला नाही. मी साठीनंतर साक्षरता वर्गात अंक शिकलो, त्यामुळे मोजायची भारी हौस. आणि अधिकात जावयाला जे द्यायचं ते तेहतीस! तेहतीस अनारसे, तेहतीस बत्तासे. मग प्रत्येक बाटलीतून तेहतीस टोपणं! मोहाच्या सत्ताविसाव्या टोपणाला फोन वाजला. आकडा विसरलो, पुन्हा एकपासून सुरू केलं. बरणीत कोला मावला तो शास्त्रापुरता.

बरणी फ्रिजमध्ये ठेवून मी अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर काय! नवल आणि आबा येऊन बसलेले, आणि चाळीस वर्षांत गॅस न पेटवलेल्या नवऱ्यानं चहा केला, या आनंदात रत्नानं तो पेल्यात ओतून, वर तुळशीपत्र ठेवून, वाणाच्या ताटात मांडला होता. शेजारी तेवता दिवा! मला वाण दिसेना, स्फोट दिसायला लागला!

"अगं, तो चहा राहू दे!"

"लाजता काय? जावईबापू, यांनी स्वतःच्या हातानं केलाय!"

वाण परत करता येत नाही. नवलनं घोट घेतला. त्याचे कान टोमॅटोसारखे झाले. "मामा... कडक आहे!"

तेवढ्यात सोफ्यावरून आबा गरजले, "चहा पोरालाच? बापाला नाही? म्हणजे फेटा पुन्हा दुसऱ्याच्याच डोक्यावर!"

झालं! नाही म्हणावं तर रुसवा, हो म्हणावं तर पाप. रत्नानं तोवर दुसरा पेला भरला होता. आबांनी घोट घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यांनी पेला रिकामा केला.

"हाई काय शे? अजून शे का?"

दुसऱ्या पेल्यानंतर आबांनी माझ्या खांद्यावरचा ओला टॉवेल काढून फेट्यासारखा माझ्याच डोक्याला गुंडाळला. जावयाचे अकरा अनारसे खाल्ले. मग रत्नापुढे हात जोडून रडायलाच लागले, "तू मनी बहीण शे! आखाजीले पोरले धाडं नही, मी गधडा शे, गधडा!" आणि फ्रिजला टेकून झोपले. फ्रिज जास्त घोरतो की आबा, कळेना!

रत्नाला वाटलं, अधिक महिना पावला. मला वाटलं, शुद्धीवर आले की लेकीचं माहेर कायमचं तुटलं.

रात्रीच्या एसटीनं नवल त्यांना अर्धवट झोपेतच धुळ्याला घरी घेऊन गेला. सकाळी तिथून आबांचा फोन आला.

"लोटन भाऊ, पहिल्याच घोटाला ओळखलं मी."

"मग... प्यालात कशाला आबा?"

"तुमच्या बाईनं तुळशीपत्र ठेवून दिलेलं परत करू? मला काय रीत कळत नाही? पोर आखाजीला येईल. मात्र पुढच्या वेळी टोपणं कमी टाका."

दिपमाला पुढच्या आखाजीला आली, पंधरा दिवस राहिली.

चुडामण आबा दोन हजार पंचवीसच्या मार्गशीर्षात, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, झोपेत वारले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.