चूक आढळली नाही, सबब परत

धुळे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचे वरिष्ठ लिपिक धम्मपाल शिरसाठ जळगावहून मुद्रितशोधनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी एक प्रमाणपत्र, दोन लाल पेनं आणि उरलेल्या जगाबद्दल थोडी कीव होती. येताना बसमध्येच त्यांनी तिकिटावरची चूक काढून कंडक्टरला दाखवली. त्याने खाली उतरवलं नाही, एवढंच नशीब.

मुख्याधिकाऱ्यांनी तत्परतेने परिपत्रक काढलं. यापुढे धम्मपालभाऊंच्या लाल खुणेशिवाय एकही पत्र बाहेर जाणार नव्हतं, आणि खूण नसलेला कागद वाचलेलाच नाही असं समजण्यात येणार होतं. भाऊ एकेक पत्र चार-चार वेळा परत पाठवू लागले. टंकलेखन करणाऱ्या मृणालीची संध्याकाळची दोंडाईचा गाडी रोज चुकू लागली.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र कामाला वेग आला. पहिल्याच ओळीत भाऊंना एक ठसठशीत चूक सापडे. ते तिच्याभोवती लाल गोल काढत, मान डोलावत आणि सही ठोकत. आपली नजर तयार झाली, असं त्यांनी घरीही जाहीर केलं. बायकोने किराण्याची यादी त्यांच्यापासून लपवायला सुरुवात केली, ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

अशात एके दिवशी नूरबी कार्यालयात आली. शिलाई करून चार जणांचं घर चालवणारी बाई. नळाला पाणी कमी येतं, असा तिचा अर्ज होता. कुणीतरी जुन्याच पत्रात तिचं नाव घालून उत्तर तयार केलं होतं: 'अर्जदाराच्या विनंतीवरून नळजोडणी कायमची बंद करण्यात येत आहे.' भाऊंच्या सहीने ते गेलं होतं आणि प्लंबर येऊन हुकमाची तामिली करून गेला होता.

"भाऊ, मन्हा नळले पानी कमी येस म्हनीसन अर्ज दिधा व्हता," ती म्हणाली. "तुम्हीन ते नळच तोडी टाका."

भाऊंनी पत्र प्रथमच शेवटपर्यंत वाचलं. घोळ ध्यानात आला. तोंडातून मात्र निघालं, "ताई, भाषेच्या दृष्टीने पत्र निर्दोष आहे." बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी लगेच शुद्धिपत्रक तयार करायला सांगितलं.

मृणालीने ते दहा मिनिटांत आणून दिलं. भाऊंनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं, प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे शेवटाकडून उलटही वाचलं. चूक सापडेना. चूक नाही म्हणजे खूण नाही, खूण नाही म्हणजे वाचन नाही, आणि न वाचलेल्या कागदावर सही करणं हे गैरवर्तन. तीन दिवस नूरबी पलीकडच्या गल्लीतून हंडे वाहत होती आणि भाऊ भिंग घेऊन बसले होते.

चौथ्या दिवशी मृणालीला राहवेना. "भाऊ, रोज पहिल्या ओळीत मीच तुमच्यासाठी एक चूक ठेवते. ती सापडली की तुम्ही पुढं वाचत नाही. या पत्रात ठेवली नाही, बाईचं पाणी अडलंय म्हणून."

भाऊंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग पेन उचलून त्यांनी नियमाप्रमाणे शेरा मारला: 'मसुद्यात चूक आढळली नाही. सबब किमान एक चूक घालून पुनश्च सादर करावा.'

तो मसुदा सध्या पुनश्च सादर होण्याच्या वाटेवर आहे. मनाला टोचणी लागली म्हणून भाऊंनी ही सगळी हकीकत प्रामाणिकपणे लिहून काढली आणि सहकाऱ्यांना, साडूला, जळगावच्या प्रशिक्षकांना वाचायला दिली. सगळ्यांनी ती मन लावून वाचली आणि मिळून सात चुका काढून परत केली. नूरबीच्या नळाला पाणी आलं का, हे एकानेही विचारलं नाही. सातही चुका दुरुस्त केलेली प्रत आता तुमच्या हातात आहे. आठवी सापडली असेल, तर समक्ष येऊन जरूर कळवा. कार्यालयातल्या बाकावर नूरबी बसलेली असते, तिला थोडं सरकायला सांगा.