आधी हिस्ट्री, मग पाना

शुद्धलेखनाची माफी आधीच मागते. शाळा चौथीपर्यंत, आणि अक्षर असं की आठवड्याने माझं मलाच लागत नाही. पण आमच्या नानांबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहिते.

नाना माझे चुलत सासरे. गाडी बंद पडली की ते आधी चपला काढतात, तिच्या बॉनेटवर पालथा हात ठेवतात आणि विचारतात, "काय गं बाई, काय होतंय?"

उभी हयात त्यांनी सिन्नर-नाशिक काळी-पिवळी जीप चालवली. तेव्हा म्हणे गाडी अडली की पान्याचे दोन ठोके आणि चार शिव्या, एवढंच औषध. नानी गेल्या आणि ही नवी पद्धत सुरू झाली. कधीपासून बंद? आधी खोकली का? डिझेल कुठलं प्यायली? रात्री उघड्यावर होती की शेडमध्ये? सगळं ऐकल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. "आधी हिस्ट्री, मग पाना." कोणी घाई केली की म्हणतात, "मग ने दवाखान्यात," आणि बिडी पेटवतात.

आमची पिकअप जुनी, त्यामुळे नानांची फेरी ठरलेली. मी मात्र त्यांच्याशी बोलत नाही. भांडण नाही. पूर्वी आमच्यात चुलत सासऱ्याशी सून समोरासमोर बोलत नसे. बाकीच्या सुनांनी ते कधीच सोडलं. धाकट्या जावेने तर नानांना मोबाईलवर कीर्तन लावायला शिकवलं. राहिले मी. जेवायला बोलवायचं असलं की मी अंगणातल्या कोंबडीला सांगते, "नानांचं ताट वाढलंय गं." कोंबडी येत नाही, नाना येतात.

तर गेल्या खंडेनवमीची गोष्ट. पिकअपची पूजा माझ्याकडे होती. गाडी धुतली, पुसली, सीट उचलून बघितलं तर खाली बॅटरी, आणि तिच्या दोन्ही टोकांवर पांढरी पूड चढलेली. मला मळ बघवत नाही. वायरी ढिल्याच होत्या, हाताने निघाल्या. मग देवघरातला तांब्या घासतात तशी चिंच लावून दोन्ही टोकं घासली, वर ओलं हळद-कुंकू चांगलं थापलं, आणि वायरी होत्या तशा अडकवून दिल्या. बॅटरी अशी नटली होती की मीच तिला नमस्कार केला.

दसऱ्याच्या पहाटे गाडीत झेंडू भरला. सगळा मळा त्या क्रेटांत होता. सकाळी नाशकात पोचला तर सोनं, दुपारनंतर तोच झेंडू शेळी खाणार. शेवटचे क्रेट मी डाव्या हाताने वर सरकवले, यांनी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा टक्. दिवे देवापुढच्या समईएवढे. यांनी नानांना हाक मारली. नानांनी चपला काढल्या.

"कधीपासून?"

"आत्तापासून, नाना! काल चांगली चालत होती."

"मधी काय झालं?"

"काय नाय. उभी होती."

"उभ्या उभ्या कोणी आजारी पडत नाय, बाळ्या."

"बॅटरी बघा की, पाया पडतो तुमच्या!"

"हिस्ट्री अपुरी हाय," म्हणाले आणि बिडी काढली.

मी दाराआड उभी. बोटं अजून झेंडूपेक्षा पिवळी, ती पदरात लपवलेली. सांगितलं तर हे दसऱ्याच्या दिवशी मला गाडीऐवजी जुंपतील. न सांगितलं तर शेळीची दिवाळी. तेवढ्यात हे वैतागून दुसरी गाडी मिळते का बघायला फाट्याकडे पळाले. दसऱ्याला रिकामी गाडी! माझं मलाच हसू आलं, आणि मग रडू.

मी बाहेर आले. नानांकडे पाठ केली आणि पिकअपच्या मागच्या फाळक्याला म्हणाले, "सांग की गं बाई, काल तुझी बॅटरी चिंचेनं घासली म्हणून. वरून कुंकू लावलं म्हणून."

नानांनी बॉनेटला विचारलं, "कोणी घासली गं?"

"होती एक येडी," मी फाळक्याला सांगितलं.

"वायरी काढून?"

"काढून."

"परत आवळल्या का?"

"कशानं आवळणार? पान्याला हात लावायची सोय हाय का या घरात?"

नानांची मिशी हलली. हसले नाहीत, पण बिडी विझली. त्यांनी सीट उचलली, वायरी काढल्या, डोक्यावरच्या टोपीने सगळं हळद-कुंकू पुसलं, वायरी बसवून पान्याने आवळल्या. हे धापा टाकत रिकाम्या हाताने आले, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच दमात बोलली.

"काय झालं होतं, नाना?"

"दमट हवा," नाना म्हणाले. डोक्यावर लाल-पिवळी टोपी. यांनी बघितलंही नाही. झेंडू गेला, वेळेत पोचला.

अंगणात मी, नाना, चहा, आणि पिकअप उभी असते तिथला ऑइलचा डाग. नाना डागाकडे बघून बोलायला लागले.

"नानीला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मला ठावं नव्हतं. जीपचा आवाज बदलला तर वाटेत पळश्याच्या वळणावरच कळायचं मला. हिचं नाय कळलं. घरी आल्यावर म्हटलं, बोलली का नाय गं? तर म्हणाली, तुम्ही विचारलं कुठं?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"सूनबाई," नाना म्हणाले. आता ते डागाकडे बघत नव्हते. "क्रेट डाव्या हातानं चढवत होतीस. उजवा खांदा. कधीपासून?"

मी कोंबडीला शोधलं. ती लांब उकिरड्यावर होती.

"आषाढापासून," मी त्यांनाच म्हणाले.

"घरात कोणाला सांगितलं?"

"नाय."

नानांनी चहा खाली ठेवला, पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या.

"बस," म्हणाले. "पहिल्यापासून सांग."