सोळा पोळ्यांचा एक मांडा

वर्तुळाच्या क्षेत्रफळात मला हरवणारा माणूस भडगाव तालुक्यात जन्मायचा आहे! निदान शहाऐंशीच्या वैशाखापर्यंत माझी तशी ठाम समजूत होती.

मी गणिताचा मास्तर, मूळचा रत्नागिरीकडचा, लग्न राहून गेलेला. पारसमलजींच्या कापडदुकानावरच्या खोलीत एकटा राहायचो. इतर दिवशी शाळा असे, पण रविवार खायला उठायचा. शेवटी ठरवलं, एक रविवार तरी या खोलीत माणसांचा आवाज झाला पाहिजे! सात जणांना मांडे-आमरसाचं आमंत्रण दिलं आणि पारसमलजींकडून ताटं उसनी आणली.

मांडे खापरावर, म्हणजे चुलीवरच्या उपड्या मातीच्या भांड्यावर, भाजायचे गल्लीतल्या सुंदरबाईंनी. पण सांगायचे किती? मी त्यांचं खापर चक्क टेपने मोजलं. मांड्याचा व्यास चोवीस इंच, त्रिज्या बारा. खानावळीतल्या पोळीची त्रिज्या तीन. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग! म्हणजे एक मांडा बरोबर सोळा पोळ्या. माणूस खातो चार. आम्ही आठ जण, दोन मांडे पुरे!

"सुंदरबाई, तीन करा," मी उदारपणे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. रविवारी सकाळी झाकलेली टोपली आणि रशीचं, म्हणजे कटाच्या आमटीचं, पातेलं ठेवून त्या निघूनही गेल्या.

पाहुणे आले. काय ती गडबड, काय ते हसणं! मला तर भरूनच आलं. ताटं मांडली, रस वाढला, टोपली उघडली. आत दोनच मांडे! तेही रुमालासारखे घडी घातलेले.

पहिला मान वडीलधाऱ्या पारसमलजींचा. माझ्या हिशेबाने ते पाव मांड्यावर थांबणार होते. ते सहा घासांत अख्खा संपवून म्हणाले, "वा गुरुजी! सुरुवात तर झकास!"

दुसरा पोस्टमन जीवरामने फस्त केला. "गुरुजी, येऊ द्या आता गरमगरम!"

मी क्षेत्रफळ काढलं होतं, जाडी धरलीच नव्हती! पोळी ती पोळी, आणि मांडा म्हणजे फुंकर मारली तर उडेल!

"संपले," मी म्हणालो.

सगळे खो खो हसले. कोणी रागावलं नाही. रस पिऊन एकेक जण घरी जेवायला गेला. मला कोणी बोलावलं नाही, कारण ज्याला त्याला वाटलं, गुरुजींना दुसऱ्याने नेलं असेल. एवढ्या हसण्यानंतर खोली फारच मोठी वाटायला लागली.

संध्याकाळी सुंदरबाई टोपली न्यायला आल्या. "गुरुजी, एकला माणूसले तीन मांडा कशाले? वाया जातीन, म्हनीसन मी दोनच करात. तुमनाकडे कोन येस?"

तेवढ्यात त्यांना मोरीतली आठ ताटं दिसली आणि त्यांचा चेहरा पडला. "पाहुणा उनथात का, गुरुजी?"

"छे हो! पाहुणे कसले?" मी घाईने म्हणालो. "मांडा केवढा मोठा! एका ताटात मावेना, म्हणून आठ ताटं घेतली!"

आणि सांगायला लाज वाटते, बाईंना ते लगेच पटलं!