अप्पांच्या घरात अडलेलं विधेयक

लातूरला खोली घेतली त्याच दिवशी मी भिंतीत खिळा ठोकायला गेलो, तर घरमालक मन्मथअप्पा धावत आले.

"थांबा, गणितवाले सर! विधेयक मांडलं का?"

मी हबकलोच. खिळ्याला विधेयक?

अप्पा नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ट्यूशनच्या लाटेत अख्खं शहर गणित-फिजिक्समागं लागलं, यांचा विषय कुणी विचारीना. मग त्यांनी तो घरातच चालू ठेवला. मुलगा शिवा आणि सून म्हणजे लोकसभा. आम्ही भाडेकरू, एक नांदेडचा, एक निलंग्याचा, मी उमरीचा, म्हणजे राज्यसभा. "राज्यांना इचारल्याबिगर देश चालत न्हाई!" दोन्हीकडं मंजूर झालं की राष्ट्रपतींकडं, म्हणजे अप्पांच्या बायकोकडं, काकूंकडं. त्या 'हाव' म्हणाल्या की कायदा झाला. स्वयंपाक मात्र सुनेच्या राज्याचा विषय. भाजी खारट झाली तरी केंद्र मुकाट गिळायचं.

माझा खिळा मंजूर होईस्तोवर सदरा खुर्चीवरच लोळला.

गल्लीतले लोक पत्र्याची घरं पाडून स्लॅब टाकत होते, क्लासच्या पोरांना खोल्या देत होते. शिवानंही आपल्या पत्र्याच्या घरासाठी स्लॅबचं विधेयक आणलं. खोल्या झाल्या तर तो इथंच राहणार, नाहीतर बिऱ्हाड घेऊन पुण्याला जाणार. लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत आम्ही हात वर केले. काकूंकडं गेलं आणि तिथंच अडलं.

शिवा चिडला की अप्पा बोट वर करायचे, "राष्ट्रपतींना मुदतीचं बंधन न्हाई. घटना वाच!"

मला काकूंचा रागच यायला लागला. एकदा बोललोच, "काकू, पोरगं घर सोडून चाललं. म्हणा की एकदा हाव!"

शेंगा फोडता फोडता त्या थांबल्या. "मी तर त्याच दिवशी म्हणले, सर."

मी चाटच पडलो. "मग अडलं कुठं?"

"भूकंपात आमची थोरली लेक मातीच्या माळवदाखाली गेली. ह्यांनीच माती उकरून काढली तिला. तवापासून डोक्यावर जड छत आलं की ह्यांचा जीव घाबरा होतो. शाळेतबी व्हरांड्यातूनच शिकवायचे. मीच म्हणले, माझं नाव सांगा."

इतके दिवस या बाईनं सगळ्यांचा राग अंगावर घेतला होता.

रविवारी अंगणात दोन्ही सभागृहं बसली. शिवाची बॅग दारात होती. "आई, शेवटचं इचारतो."

काकूंनी पदर सावरला. "माझा इचार चालू हाय अजून."

शिवानं बॅग उचलली.

"थांब रे," अप्पा म्हणाले. "आई खोटं बोलायली. मलाच भेव वाटतं. तुझी ताई दिसते मला, स्लॅब म्हणलं की."

शिवानं बॅग खाली ठेवली, बापाजवळ जाऊन बसला.

"दुरुस्ती मांडतो, अप्पा. मागं परसात खोल्या काढू. पत्र्याच्याच."

"हाव," काकू लगेच म्हणाल्या.

अजून कुठल्याच सभागृहात मतदान झालं नव्हतं. अप्पांनी हरकत घेतली नाही. डोळे पुसत बसले.