उभ्या फ्रेममधले सासरे

सासूबाईंना शब्द देताना जावयाची छाती जरा जास्तच फुगली होती. त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे फोटो त्यानेच काढले होते, आणि आता ते त्यांच्या नव्या, उभ्या डिजिटल फ्रेममध्ये बसवायचे होते.

"एकेक फोटो कापत बसायला मी काय शिंपी आहे? कम्प्युटरला हुकमाची एक ओळ टाइप करायची, सगळे एकदम लहान. कुठल्याही कम्प्युटरवर चालतं. चहा होईपर्यंत काम खलास!"

"मूळ फोटो वेगळे ठेवलेस ना?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय," तो म्हणाला. ठेवले नव्हते. कॅमेऱ्यातलं कार्डही कालच पुसून टाकलं होतं.

फ्रेम काठोकाठ भरावी म्हणून त्याने त्या ओळीत मापापुढे एक उद्गारचिन्ह ठोकलं. त्याचा अर्थ, प्रमाण गेलं खड्ड्यात, सांगितल्या मापात बसव. फोटो लहान करणारं टूल आज्ञाधारक. त्याने आडवे फोटो दोन्ही बाजूंनी दाबून उभे केले, तेही मूळ फोटोंच्याच जागी. फोटो उघडून बघेपर्यंत बायको फोटोंचा पेन ड्राइव्ह घेऊन माहेरी निघून गेली होती.

जावई या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालू लागला. शेवटी फोन वाजलाच.

"जावईबापू, फोटो फार छान आलेत हो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पथ्याचं चीज झालं. पंचविशीतसुद्धा मी एवढी बारीक नव्हते."

त्याच्या जिवात जीव आला.

"पण ह्यांची नुसती काडी झालीये. माझ्या पथ्यापायी ह्यांचीही साखर बंद केली, आणि रोज समोर बसून माझं लक्ष नाही. संध्याकाळी डॉक्टरकडे नेते."

आता गप्प बसणं पाप होतं. जावई एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून धावत सुटला.

सासरे टेबलाशी बसले होते. समोर साय घातलेलं दूध, केक आणि साखरेचा डबा. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आणखी घ्या हो, संकोच करू नका."

"बाबा, ते फोटो चुकून दाबले गेलेत. आईंना सांगतो."

सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं. "मूळ फोटो आहेत तुझ्याकडे?"

"नाही. पुसले गेले," जावई मान खाली घालून म्हणाला.

"नक्की? एकही नाही?"

"एकही नाही."

"शाब्बास. डॉक्टरला मी बघतो," म्हणत सासऱ्यांनी दुधात तिसरा चमचा साखर घातली. एवढ्या वर्षांत त्यांनी जावयाचं कौतुक केलं, ते हे पहिलंच.