दहा ते पाच नसलेलं घर

चित्रकार दामोदर खेरांनी आपल्या खिडकीतून रंगवलेल्या नदीकाठात समोरचं सिंधूबाई मेटकरींचं घर नव्हतं, म्हणून खेरांच्या घराचं संग्रहालय झाल्यापासून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सिंधूबाईंचं घर नसे.

खेरांच्या डोळ्यांत त्या घराचा पत्रा खुपायचा. त्यांनी तो गाळून गवत रंगवलं होतं. खिडकीतून चित्रातल्यासारखंच दिसलं पाहिजे, असा आता नियम होता. पावणेदहाला सिंधूबाई कुकर, औषधं आणि सवयीने टीव्हीचा रिमोट घेऊन बाहेर पडत. दहाला गवत येई.

चार वर्षं त्यांनी दातओठ खात काढली. पण लेक वैजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि सिंधूबाई तडक संग्रहालयात व्यवस्थापक पाटणकरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“दुपारी कळा आल्या तर? लेकीला गवतात बाळंत करू?”

“काकू, शक्यतो पाचनंतर ठेवा. सोमवारी तर आम्ही बंदच असतो.”

“तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या आईने कुणाची साप्ताहिक सुट्टी बघितली होती का हो?”

“मूळ चित्रात घर नाही. मी काय करणार?”

सिंधूबाईंनी चित्राला नाक लावलं. गवतावर पिवळ्या रंगाचा एक फटकारा होता.

“हे काय?”

पाटणकरांनी भिंग आणलं. “दोरीवर वाळत घातलेली साडी.”

“माझ्या सासूची! घर खुपलं मेल्याला, साडी बरी चालली!”

चित्रात आहे ते असायलाच हवं, हे पाटणकरांना मान्य होतं. त्यांनी परवानगी लिहायला घेतली.

“किती साड्या?” सिंधूबाईंनी विचारलं.

पाटणकरांनी पुन्हा भिंग लावलं. “एका फटकाऱ्यात नक्की किती, ते सांगता येत नाही.”

“मग तसंच लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘पिवळ्या साड्या, संख्या अनिश्चित.’

गावात प्रत्येकीच्या ट्रंकेत लग्नातली हळदीची साडी होतीच. बुधवारी बाराला कळा सुरू झाल्या, तेव्हा बायकांनी गवतावर दोऱ्या बांधून चार भिंती आणि वर छत केलं. नर्सबाई आत गेल्या. खिडकीतल्या प्रेक्षकांनी चित्राशी ताडून पाहिलं. हुबेहूब होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी रडणं ऐकू आलं. पाटणकर धावत आले.

“काकू, चित्रात आवाज नाही.”

“मग सांगा तिला तसं,” म्हणत सिंधूबाईंनी नात त्यांच्या हातात ठेवली. पाटणकरांनी तिला सांगून पाहिलं.

नर्सबाईंनी जन्मस्थळापुढे ‘घर’ लिहिलं होतं. पाटणकरांनी ते खोडून ‘साड्या’ केलं आणि सही केली.

पाचला घर आलं. सिंधूबाईंनी एकही साडी काढली नाही. उद्या दहा वाजणारच होते.