आप्पांचे दोन हात

ग्रामसभेत ठराव मताला टाकला की आमचे चुलते, आप्पा, दोन्ही हात वर करायचे. ग्रामसेवक नवा असला की गोंधळून विचारायचा, "आप्पा, एक मोजू का दोन?"

"एक ह्यांचा, एक त्यांचा," आप्पा सांगायचे. "हितं काम बघून हात वर हुत्यात व्हय? मांडनारा बघून हुत्यात!"

भांडगावच्या अंगाला आमचं गाव. गट दोन, पिण्याच्या पाण्याची विहीर एक. विहिरीला कठडा नव्हता आणि तो हवा, हे दोन्ही गटांतलं शेंबडं पोरही सांगायचं. सरपंचांनी ठराव मांडला, तो विरोधी गटानं पाडला. पुढं निवडणूक झाली, खुर्च्या बदलल्या. नव्या सरपंचांनी तोच कागद वाचला, तो जुन्यांनी पाडला.

जुने म्हणजे आम्ही. मी दौंडला नोकरीला, घरात बायकोपोरांना सुधारणेवर भाषणं देणारा. पहिल्या सभेत माझा हात सगळ्यांत उंच होता. दुसऱ्या सभेत तोच हात मांडीखाली दाबून बसलो, कारण शेजारी मेव्हणा डोळे वटारून बसलेला. ठराव एका मतानं पडला. आप्पांचा हात एकच मोजला होता.

बाहेर पडताना मी म्हटलं, "आप्पा, पुढच्या बारीला होईल."

"व्हईल की," म्हणत आप्पा फेटा सोडत विहिरीकडं निघाले. मला राहवेना, मागोमाग गेलो.

काठावर काकी उभी होती. मोतीबिंदूनं तिला आता घागरीचं तोंडही चाचपावं लागत होतं. आप्पांनी फेट्याचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि मागं टाचा रोवून उभे राहिले.

"सोडा की, मानसं बघत्यात," काकी पुटपुटली.

"बघू दे. माजा तोल जातोय, तुज्या आधारानं हुबा हाय. तू शेंद."

ती पोहरा सोडू लागली. मी हळूच विचारलं, "आप्पा, तुम्हीच का नाही शेंदत?"

"घागर काढून घेतली तर तिला कळंल," आप्पा कानाशी येऊन म्हणाले. "तिला आजून दिसतंय, आसं आमचं दोघांचं ठरलंय."

पोहरा जड झाला तसा फेटा ताणला. मी पुढं होऊन धरायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, बबन," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुजी मानसं बघत्यात."